रुमालातल्या बांगड्या
काचेच्या बांगड्यांची किणकिण ऐकली की मला वाशीतला तो दवाखाना आठवतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, माझा आठवा महिना संपत आला होता. नर्सने पोटावर पट्टा बांधला आणि ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या काढायला लावल्या, का तर आवाज नको. खाडीकाठच्या गावात वाढलेल्या माझ्या सासूने त्या रुमालात बांधल्या. “पोटुशी बाईचं हात मोकलं करतान, या मशीनचा काय खरा नाय,” ती कुजबुजली. यंत्रातून कागद सरकत होता, त्यावर बाळाच्या ठोक्यांची रेघ उमटत होती. ती बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. “रेघ खालीवर व्हायला हवी. त्यावरून बाळाचा मेंदू, नसा नीट वाढतायत का ते कळतं. ही सपाट येतेय.” मला वाटलं, सासूनेच मशीनला नजर लावली, तिला वाटलं, मशीनने बाळाला. तिने रुमाल सोडला आणि बांगड्या माझ्या पोटाजवळ खणखण वाजवल्या. रेघ उसळली. “निजलं होतं,” सासू म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या बाईच्या बांगड्या हातातच राहू दिल्या. तेव्हा पोटात असलेली लेक आता स्वतः गरोदर आहे. परवा तिला तपासणीला नेलं. नवं मशीन आहे, टेन्शन घेऊ नका, असं सगळे सांगत होते. मी मान डोलावली. पर्समध्ये रुमालात बांधलेल्या चार हिरव्या बांगड्या होत्या.