वीज नसलेल्या दिवशीचा पियानो

माझे सासरे विजयराघव राव कुंभकोणम्‌च्या मोठ्या बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला होते. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात, तेव्हा मीही तसंच म्हणतो. लेकीच्या लग्नात द्यायची भांडी घ्यायला आसपासच्या खेड्यांतून लोक यायचे. मामा घागर उचलायचे, बोटाच्या पेरानं तिच्यावर हलकेच मारायचे, क्षणभर कान द्यायचे आणि मग ती गिऱ्हाइकापुढे ठेवायचे किंवा मागे सारायचे. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मल्यापासून याच दुकानात उभा आहे.

तसं नव्हतं. वयाच्या तेविसाव्या वर्षी ते मद्रासला गेले होते आणि कोडंबाक्कमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत चौदा-पंधरा वर्षं इलेक्ट्रिक पियानो वाजवत होते. सिनेमातली गाणी तेव्हा सगळा वाद्यवृंद एका खोलीत बसवून वाजवून घेत. गायकाचं नाव तबकडीवर यायचं, पियानोवाल्याचं कुठेच यायचं नाही. मामांना त्याचं काही वाटत नसे. रोज काम असायचं, ते पुरेसं होतं.

मग एका निर्मात्यानं सिंगापूरहून नवा कीबोर्ड आणला. त्याच्या पोटात पन्नास वाद्यांचे आवाज साठवलेले होते. बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सतार, तिसरं दाबलं की मामांचा पियानो. कोणी मामांना जा म्हटलं नाही. बोलावणं पाठवतो, एवढं म्हणाले, आणि ते आलं नाही. एक पावसाळाभर वाट पाहून मामा बायकोला, चिमुरड्या मुलीला आणि पियानोला घेऊन लॉरीतून गावी परतले. पियानोचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र ते मद्रासमध्येच कुणाला तरी देऊन आले.

ती मुलगी म्हणजे माझी बायको, कीर्ति.

या वाद्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्यात तारा नसतात. पट्टी दाबली की रबराचं टोक असलेली लहानशी हातोडी पोलादाच्या बारीक सळईवर आपटते. सळई थरथरते, तिच्यासमोरचं लोहचुंबकाचं गुंडाळं ती थरथर टिपतं आणि वायरीतून पुढे धाडतं. पुढे अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर कानाला नुसती टिकटिक ऐकू येते, डब्यात कुणी सुई टाकल्यासारखी. कीर्ति त्या टिकटिकीवरच शिकली. चक्रपाणीच्या देवळामागच्या त्या घरात, मागच्या खोलीत, मामा तिची बोटं पट्ट्यांवर ठेवायचे. वाद्याचा खरा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. पुढं ती मोठी झाली, स्वतःचा कीबोर्ड आला, आणि पियानोवर जुनी चादर पडली ती पडलीच.

आता कीर्ति साईरामच्या वाद्यवृंदात वाजवते. लग्नाचं रिसेप्शन, देवळाचा उत्सव, कॉलेजचा समारंभ, जिथं बोलावतील तिथं. साईराम गातो जुनी गाणी, आणि निम्म्या गाण्यांत इलेक्ट्रिक पियानो असतो. तिच्या कीबोर्डातला तो आवाज तिला कधी रुचला नाही. काचेचा पेला चमच्यानं वाजवावा तसा तो येतो, म्हणायची. इंटरनेटवर जे फुकट मिळतं ते सगळं तिनं उतरवून पाहिलं. एकात चार सुरांतला एकच खरा, बाकीचे ओढूनताणून केलेले. जे चांगलं होतं ते आमच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि तिच्या जुन्या लॅपटॉपला पेलणारं नव्हतं. मग एका रविवारी, मामांकडे जेवायला बसलो असताना, तिनं विषय काढला. मागच्या खोलीतल्या पियानोची एकेक पट्टी रेकॉर्ड करावी, हळू, मध्यम, जोरात, अशी वेगवेगळी, आणि ते सूर कीबोर्डाला जोडावेत. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लागेल ती फक्त मेहनत.

मामांनी ताटातला हात थांबवला. ज्या यंत्रानं माझं काम घेतलं, तेच तू माझ्या घरात बनवणार का, असं त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. मग ताक न घेताच उठले, हात धुतले आणि बाहेर निघून गेले. ताक घेतल्याशिवाय ते पानावरून उठल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कीर्तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मीही नाही. मी इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. वडील रेल्वेत असल्यानं माझं शिक्षण सोलापुरात झालं, आणि सुरातलं मला फारसं कळत नाही. पण बायकोचं गप्प राहणं मला कळतं.

पुढच्या तै महिन्यात, संक्रांतीनंतर, नाचियार्कोविलला मामींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, नात्यातलं लग्न होतं. वाद्यवृंद साईरामचाच. मामा पुढच्या रांगेत बसले होते. एका गाण्याला सुरुवातीला नुसता पियानो होता. कीर्तिनं तो वाजवला, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मामा मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले.

परतताना बसमध्ये ते तिच्याशेजारी बसले. मी मागच्या बाकावर होतो. कितीतरी वेळ बाहेर नुसती भातशेतं जात होती. मग ते म्हणाले, "अस्की वार एकसारखे. माणूस असं मारत नाही." अस्की म्हणजे सगळे. तंजावरकडच्या आमच्या मराठीत तो शब्द अजून आहे.

कीर्ति म्हणाली, आहे त्यात तोच आवाज बरा आहे.

पूल आला तेव्हा मामांनी विचारलं, "तू ते केलंस तर कुणाचं काम जाईल?"

कीर्ति म्हणाली, "काम जाण्याजोगं कुणी उरलंच नाही, अप्पा."

मामांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी त्यांच्याकडे डोकावलो, तर चादर घडी करून खुर्चीवर ठेवलेली आणि पियानोचं झाकण उघडं. आत गंज होता, झुरळांची अंडी होती. हातोड्यांचं रबर वाळून दगड झालं होतं. खरे सुटे भाग परदेशातून येतात, ते मागवणं शक्य नव्हतं. मामांनी नळाच्या वॉशरचं रबर आणलं आणि ब्लेडनं तासून एकेका हातोडीला चिकटवलं. सूर दाबणारं बनातीचं कापड पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून मिळालं. रोज सकाळी पूजा आटोपली की ते खोलीत शिरायचे. कीर्ति शिकवण्या संपवून जायची. दोघं बापलेक फारसं बोलत नसत. हे कठीण आहे, हे मऊ आहे, पुन्हा तास, एवढंच.

सगळं जुळल्यावर लॅपटॉपला वायर जोडली, आणि नवीनच संकट उभं राहिलं. सुराच्या मागे घूं असा आवाज. तो कधीच थांबेना. घरातल्या विजेच्या तारांचा तो आवाज, पियानोतली गुंडाळी तोही टिपत होती. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, मेन स्विचसुद्धा पाडला. घूं बारीक झाली, गेली नाही. घराच्या भिंतीला शेजाऱ्यांची भिंत लागलेली, खिडकीसमोर विजेचा खांब. ती काढायला सॉफ्टवेअर होतं, पण घूं काढली की सुराचा जीवही थोडा जायचा. कीर्ति थकली. आठवडाभर तिनं लॅपटॉप उघडला नाही.

तोड निघाली स्वयंपाकघरातून. वसंतामामींना या सगळ्यात रस नव्हता. खोली अडून बसली म्हणून त्या वैतागलेल्याच होत्या. महिन्यातून एकदा इथे देखभालीसाठी सगळ्या भागाची वीज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद ठेवतात. पेपरात आदल्या दिवशी येतं. ते वाचून मामी इडलीचं पीठ लवकर वाटायला बसल्या, आणि दाराशी येऊन म्हणाल्या की उद्या वीज नाही, तुमची ती घूं तरी बंद होईल.

मामांनी कीर्तिकडे पाहिलं. तिनं लॅपटॉप चार्जिंगला लावला.

तो शुक्रवार मला स्वच्छ आठवतो. मी शाळेतून रजा घेतली होती. वीज गेली आणि शेजारची गिरणी, वरच्या मजल्यावरची मोटर, सगळं एकदम थांबलं. गल्लीत कावळे ऐकू येऊ लागले. कीर्तिनं हेडफोन कानाला लावले आणि मामांनी मधली एक पट्टी दाबली. मला टिक ऐकू आलं. कीर्तिनं मात्र तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षांची ती बाई, या पियानोवर शिकलेली, आणि त्याचा घूं नसलेला, निखळ आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. तिनं हेडफोन काढून मामांच्या कानांवर चढवले.

मामांनी तीच पट्टी दाबली. सूर विरेपर्यंत बोट तसंच ठेवलं. मग खालची, मग तिच्याखालची. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, रडूही नव्हतं. बऱ्याच दिवसांनी ओळखीच्या माणसाची हाक आली की माणूस जसा थांबतो, तसे ते थांबले होते. नंतर हेडफोन परत देत म्हणाले, "चल. बॅटरी संपेल."

प्रत्येक पट्टी ते अगदी अलगद सुरू करायचे आणि वार चढवत न्यायचे. प्रत्येक सूर पूर्ण विझू द्यायचे. हळू मारला तर आवाज देवळातल्या लहान घंटेसारखा गोल येतो आणि जोरात मारला तर आतून गुरगुरतो, असं कीर्ति मला सांगत होती. उकाडा भयंकर होता. मामांच्या सदऱ्याची पाठ भिजून गेली. वरच्या बाजूच्या एका पट्टीवर त्यांनी शेवटचा जोराचा वार केला आणि आत काहीतरी कडकन तुटलं. सळई गेली होती. मामांनी तो तुकडा बोटांनी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्या सुराचे हळू आणि मध्यम वार आधीच झाले होते. जोराचा शेजारच्या सुरावरून बनव, असं त्यांनी सांगितलं आणि पुढची पट्टी दाबली.

सगळं संपलं तेव्हा बॅटरी थोडी शिल्लक होती. कीर्तिनं विचारलं, आता काहीतरी सलग वाजवता का, तेही ठेवून घेते.

मामा म्हणाले, "ते बंद कर." सूर घेतलेस, बेस झालं, वाजवलेलं ठेवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. मामांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. मामी ओले हात पदराला पुसत आल्या. मामांनी त्यांना स्टुलावर बसायला सांगितलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर घातले. मग वाजवू लागले. मला आणि कीर्तिला फक्त टिकटिक ऐकू येत होती आणि मामांची बोटं दिसत होती, पट्ट्यांवरून भराभर जाणारी, मध्येच थबकणारी. मामींनी डोळे मिटले होते. लॅपटॉप बंद पडेपर्यंत ते चाललं. मग मामींनी हेडफोन काढले, क्षणभर हातात धरले आणि पुन्हा आत गेल्या. काय ऐकलं ते त्या बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

एकेक सूर कापून, जुळवून कीबोर्डात बसवायला कीर्तिला पुढचे तीन-चार महिने लागले. पहिल्यांदा तो आवाज साईरामनं ऐकला तेव्हा त्यानं गाणं मध्येच थांबवून हे कुठून आणलंस म्हणून विचारलं. मामा एकदा सरावाला येऊन बसले. डोळे मिटून ऐकलं, एका पट्टीचा मधला वार थोडा कमी कर म्हणाले, आणि उठले. मला वाटलं, त्यांना समाधान वाटलं असावं. खात्रीनं सांगता येणार नाही.

त्या वर्षी मार्गळीत, ऐन थंडीच्या महिन्यात, त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. बाजारातले लोक आले, दुकानाचे मालक आले. मद्रासचं कुणी आलं नाही. कुणाला कळवावं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

तेराव्यानंतर एका दुपारी कीर्ति आईजवळ बसून भाजी निवडत होती. शेजारच्या घरात टीव्हीवर जुनं गाणं लागलं. मामींचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "ही सुरुवात त्यांची आहे."

कीर्तिला काही उमगेना. मग मामी सांगत गेल्या. कोडंबाक्कमच्या भाड्याच्या खोलीत, दिवसाचं काम संपवून आल्यावर मामा त्यांना सांगायचे, आज कुठल्या गाण्यात काय वाजवलं. खाटेच्या कडेवर बोटांनी करून दाखवायचे. पुढे ती गाणी रेडिओवर लागली की मामी ओळखायच्या. वीज नसलेल्या त्या शुक्रवारी मामांनी त्यांतलीच चार-पाच वाजवली होती. मामींना सगळी पाठ होती, कुठे किती वेळ पियानो आहे तेसुद्धा. इतकी वर्षं का सांगितलं नाहीस, असं कीर्तिनं विचारलं. मामी म्हणाल्या की परत आल्यावर मामांनी तो विषय मिटवला होता, आणि त्यांच्या हयातीत तो उघडणं त्यांना बरं वाटलं नसतं.

त्या दिवसापासून मामी आठवेल तसं सांगत गेल्या आणि कीर्ति एकेक गाणं बसवत गेली. साईरामला तिनं कारण सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि त्यांतली तीन गाणी कार्यक्रमात घेतली.

गेल्या वैकासीत, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, इन्नंबूरच्या एका घरातल्या लग्नाचं रिसेप्शन इथल्याच मंडपात होतं. मामी पहिल्यांदाच मुद्दाम कीर्तिचा कार्यक्रम ऐकायला आल्या. मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. समोर मुलं पळत होती, लोक नवरानवरीबरोबर फोटो काढायला रांगेत उभे होते, ऐकत फारसं कुणी नव्हतं. साईराम माइकपासून दोन पावलं मागे सरला आणि पियानो सुरू झाला. मामींचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. सूर जसजसे पुढे गेले तसतशी त्यांची बोटं दांड्यावर अगदी हलकी हलली. गाणं संपलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मला म्हणाल्या, "पुढचं ऐकून मग जेवायला जाऊ."