वन्संचा परदेशी आवाज

आमच्या वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. माझं लग्न झालं तेव्हा त्या शाळेत जाणारी पोर होत्या. पण नात्याने नणंद, म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांना अहो-जाहो करत आले आणि त्या माझ्यावर हुकूम सोडत आल्या. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगायच्या, "मला एक वहिनी पुरते." याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा. मी चांगला लावते.

दिसायला अगदी साध्या. गर्दीत हरवल्या तर पोलिसाला काय वर्णन सांगायचं हा प्रश्न पडेल. पण आवाज असा, की फोनवर नुसतं हॅलो म्हटलं तरी पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसायचा. तोही एक असता तर ठीक. त्यांच्या गळ्यात कितीतरी माणसं भाड्याने राहत होती. लहान मूल, खोकणारा म्हातारा, भांडकुदळ शेजारीण, आजारी बाई. हाक मारली की हवा तो भाडेकरू बाहेर. नको असलेला पाहुणा फोनवर आला, की त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजात सांगायच्या, घरात कुणी नाही. आणि पाहुणा त्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून दोन शब्द बोलून फोन ठेवायचा.

तरुणपणी त्या रेडिओवर नाटकं करायच्या. आम्ही रेडिओभोवती बसून ओळखायचो, यातल्या आमच्या कुठल्या. कधी ओळखता यायचं नाही आणि मग घरी आल्यावर त्या खूश व्हायच्या. पुढे टीव्हीवर बाहेरच्या देशांतले चॅनेल आले. त्यांच्याकडे घोडे, महाल, रडायला वेगळ्या खोल्या. आमच्या चॅनेलवर एक टेबल, एक कुंडी आणि एक गृहस्थ. कोण बघणार? रेडिओची नाटकं तर बंदच पडली. नाटकाच्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायला लागले. वन्सं चिडल्या असत्या तर मी समजू शकले असते. पण त्या बोलायच्याच थांबल्या. सकाळी चहा मागायलासुद्धा कप पुढे करायच्या. मला म्हणाल्या, "वापरला नाही तर आवाज गंजतो, वहिनी. आणि माझ्याकडे दुसरं आहे काय?"

मग गंमत बघा. ज्यांनी काम घालवलं त्यांनीच काम दिलं. परदेशी मालिकांना आपल्या भाषेत बोलायला लावायचं होतं, त्याला आवाज हवे होते. वन्संच्या वाट्याला एक म्हातारी आली. मोठ्या वाड्यात राहणारी, तीन मुलं, तीन सुना, प्रत्येक सून आधीच्या सुनेपेक्षा वाईट, आणि म्हातारीच्या डोक्यावर झोपेतही टोपी. आमच्या आळीत तिला सगळे टोपीवालीच म्हणायचे.

एकदा मी ते काम बघायला गेले होते. एका दुकानाच्या मागची खोली, भिंतींना जाड गोधड्या ठोकलेल्या. पंखा बंद, कारण पंखा ऐकू येतो. हातात बांगडी चालत नाही, सळसळणारं कापड चालत नाही. पोट रिकामं ठेवायचं नाही, नाहीतर ऐन रडण्याच्या जागी पोट बोलतं. समोर काचेत टोपीवालीचं तोंड हलतंय आणि वन्सं घामाने निथळत तिच्या तोंडात आपले शब्द घालतायत. अडचण एकच होती. परदेशी वाक्यं लांबलचक, आपली आटोपशीर. आपलं बोलून संपलं तरी टोपीवालीचे ओठ चालूच. मग त्या उरलेल्या जागेत वन्सं काहीतरी भरायच्या. "मी आपलं सांगून ठेवते." "ऐकतेस ना, की कान ठेवून आलीस कुठे?" रेकॉर्डिंगवाला म्हणायचा, ताई, हे कागदावर नाही. वन्सं म्हणायच्या, तिच्या ओठांवर आहे.

मी तिथे स्टुलावर बसले होते आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण तो आवाज, ती वाक्यं, 'कान ठेवून आलीस कुठे' मधला तो झटका, सगळं माझ्या सासूबाईंचं होतं. म्हणजे वन्संच्या आईचं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी जरा निर्धास्त झाले होते. घरी येताना मी वन्संना म्हटलं, "तुम्ही तर त्यांना परत बोलावलंत." त्या म्हणाल्या, "दुसरी कुठली सासू मला जवळून माहीत आहे?"

टोपीवाली अशी गाजली की विचारू नका. 'मी आपलं सांगून ठेवते' हे जो तो म्हणायला लागला. भाजीवाली भाव सांगून वर हे म्हणायची. शाळेतली पोरं बाईंना म्हणायची. वन्सं रस्त्याने जायच्या आणि त्यांना कुणी ओळखायचं नाही, पण त्यांची आई मात्र सगळ्यांच्या तोंडी.

मग एक दिवस ह्यांनी पेपर वाचून दाखवला. कुणा विद्वानाने लिहिलं होतं की परदेशी मालिकांनी आपल्या पोरांची भाषा बिघडवली, आपल्या तोंडात परक्यांची वाक्यं घातली. उदाहरण म्हणून दिलं होतं, 'मी आपलं सांगून ठेवते.' ह्यांना हसता हसता खोकला लागला. सासूबाई आयुष्यात बाजाराच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

पण हसणं फार दिवस टिकलं नाही. सरकारने नियम केला. परदेशी कार्यक्रमांनी आपल्या भाषेत बोलायचं नाही. त्यांनी त्यांच्या भाषेत बोलावं आणि खाली आपल्या भाषेत ओळी द्याव्यात, म्हणजे घरात आलेला पाहुणा पाहुणाच वाटेल. शिवाय संध्याकाळची वेळ आपल्या मालिकांसाठी राखायची. मला वाटलं वन्सं आता सरकारचं सगळं खानदान बाहेर काढतील. त्या शांतपणे भाजी निवडत म्हणाल्या, "नियम बरोबरच आहे, वहिनी. रेडिओ बंद पडला तेव्हाच करायला हवा होता. आता आला तो माझ्या पायावर पडला, एवढंच."

टोपीवाली आता दुपारची लागायला लागली. आळीतल्या चार बायका सवयीने आमच्याकडे जमल्या. टोपीवालीने तोंड उघडलं आणि आतून बारीक, गोड, लाडीक आवाज आला. खरा तिचा तोच. पण समोरची शिवणकामवाली म्हणाली, "आजारी दिसते. घसा बसलाय बिचारीचा." खालून ओळी पळत होत्या. मला वाचता येतं, पण मी एकेका अक्षराला हात धरून रस्ता ओलांडायला लावते. ते पलीकडे पोचेपर्यंत ओळ निघून जाते. बायका वन्संना म्हणाल्या, तुम्हीच बोला ना, तुम्हाला तर पाठ आहे. वन्सं उठल्या आणि आत जाऊन भरलेल्या हंड्यात पाणी ओतायला लागल्या. पाणी जमिनीवर आलं तरी ओतत होत्या.

काम गेलं. पुन्हा कप पुढे करणं सुरू झालं. मीच मग म्हटलं, आपल्या चॅनेलला आता मालिका करायच्यात, त्यांना माणसं लागतीलच, चला. त्या नको म्हणाल्या, मी म्हटलं मग मी एकटी जाते आणि तुमचं नाव सांगते. त्या आल्या.

दिग्दर्शक आमच्या नातवाच्या वयाचा. नम्र पोरगा, उठून खुर्ची दिली. वन्संना आजीचे चार संवाद म्हणायला दिले आणि डोळे मिटून ऐकले. वन्संनी हातचं राखलं नाही. मला तर सासूबाई दारात उभ्या राहिल्यासारख्या वाटल्या आणि मी नकळत पाय खाली घेतले. पोराने डोळे उघडले आणि म्हणाला, "आवाज फार सुंदर आहे. पण परदेशी वाटतो."

वन्संनी कागद घडी करून टेबलावर ठेवला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाळा, हा आवाज माझ्या सासूचा आहे. याखाली मी निम्मा संसार केलाय. हा परदेशी असता तर मला मेलीला कळला तरी नसता."

तो हसला, पण माझी थट्टा केली नाही. "आजी, मला पटलं. पण घरोघरी बसलेल्यांना मी कसं पटवू? हा आवाज लागला की त्यांना टोपी दिसणार." खोटं नव्हतं ते. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, मालिकेत आणखी एक आजी आहे. आजारपणात वाचा गेलेली. खिडकीशी बसून असते. संवाद एकही नाही.

परत येताना मी धुसफुसत होते. ज्या बाईने जन्मभर आवाजावर खाल्लं तिला मुकी करून बसवायचं, ही कुठली रीत, वगैरे. वन्संनी मला बोलू दिलं आणि शेवटी म्हणाल्या, "आत तर शिरू द्या. बोलायचं काय ते मग बघू."

मुकी होणं त्यांना फार जड गेलं. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या ओठांबरोबर ओठ हलवलेले, त्यामुळे समोर कुणी बोललं की यांचे ओठ आपोआप हलायचे. दिग्दर्शक रोज तेच सांगायचा, आजी, ओठ हलवू नका. मग त्यांनी युक्ती काढली. माझ्या शिवणाच्या डब्यातलं मोठं बटण घेतलं आणि चित्रीकरणाच्या वेळी ते ओठांत धरून बसायला लागल्या. बटण पडू नये म्हणून तोंड गच्च बंद, आणि जे काही बोलायचं ते सगळं डोळ्यांत चढायचं. मालिका तशी बेताचीच होती. स्वयंपाकघर एवढं मोठं की सुनेला मीठ घ्यायला चालत जावं लागायचं. पण खिडकीतली म्हातारी लोकांच्या मनात भरली. दुकानात गेलं की विचारायचे, "तुमच्या आजीला वाचा कधी येणार?" या खेपेला वन्संना माणसं चेहऱ्याने ओळखत होती. त्या मान हलवायच्या, म्हणजे लोकांना आणखी गंमत वाटायची.

शेवटी दिग्दर्शक स्वतः घरी आला. म्हणाला, लोक ऐकत नाहीत, आजीला बोलतं करायचं. पण तो आवाज सोडून. वन्संनी एकेक भाडेकरू बाहेर काढला. भांडकुदळ शेजारीण, आजारी बाई, मायाळू आत्या. पोरगा प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होता. "हे सगळे रेडिओतले वाटतात. मला घरातली बाई हवी. रोज चार माणसांचं करून दमलेली."

वन्संनी मला चहा आणायला आत पिटाळलं, पण आतूनही ऐकू येत होतं. मग म्हणाल्या, "एक आहे. पण त्याची परवानगी मागायला हवी, आणि मागितली तर मिळायची नाही. तुम्ही चित्रीकरण ठरवा." मी आतून चहा आणला तर दोघं विषय बदलून बसले. मला वाटलं, कुठल्या जुन्या नाटकातला असेल.

तो भाग लागला त्या संध्याकाळी आमची खोली भरली होती. शिवणकामवाली दारातच टेकली. वन्सं माझ्या शेजारी, हात मांडीवर. मालिकेत घर विकायचं की नाही यावरून भाऊ-भाऊ भांडत होते. आवाज चढले, सुना मध्ये पडल्या, थोरल्याने टेबलावर मूठ आपटली. म्हातारीने खिडकीकडून मान वळवली आणि बोलली.

"झालं का सगळ्यांचं बोलून? मग जेवायला बसा. गार झालं तर मी पुन्हा तापवणार नाही."

मग एकेक मान टीव्हीकडून वळली आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला काही कळेना. शिवणकामवाली म्हणाली, "अहो, ह्या तर तुम्ही."

माझा आवाज मी कधी बाहेरून ऐकला नव्हता. मला तो बरा वाटायचा. तो एवढा वैतागलेला असतो, आणि त्या वैतागातही कुणी उपाशी राहू नये असं वाटत असतं, हे मला टीव्हीवर कळलं. म्हातारीचं ऐकून तिची भांडणारी मुलं मुकाट्याने जेवायला बसत होती. आमच्या घरात असं कधी झालेलं मला आठवत नाही.

वन्सं टीव्ही बघतच नव्हत्या. त्या माझं तोंड बघत होत्या, गुन्हा करून आलेल्या पोरीसारख्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. मी चिडले असते तर त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा बटण तोंडात धरलं असतं, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "'तापवणार नाही' मधला 'नाही' मी इतका ओढत नाही."

"ओढता," वन्सं म्हणाल्या.

"ओढतेस," कोपऱ्यातून हे म्हणाले, पेपरातून डोकं वर न काढता.

मग वन्संनी विचारलं, उद्याच्या भागात आजीला धाकट्या सुनेला रागावायचंय, तुम्ही कसं रागावाल? मी म्हटलं, मला अजून ठरवायचंय की मी आत्ता तुमच्यावर रागावू का. त्या माझ्याकडे नीट कान देऊन बघत राहिल्या आणि त्यांचे ओठ माझ्या ओठांबरोबर हळूच हलायला लागले.