सरदाराचा आवाज

"ह्याचा जीव कशान हाय, बाय?"

रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर चपला काढताना दादा मला हे विचारायचे. हातात माझे कागद, चष्मा कपाळावर. कशान म्हणजे कशात. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसा ह्या खलनायकाचा कुठे ठेवलाय ते आधी सांग, मग मी तोंड उघडतो, असा त्यांचा हिशेब. मी उत्तर दिलं नाही तर चपला पुन्हा पायात घालायचे आणि बाहेर चहाला जायचे. दिग्दर्शक आत बोंबलत बसे.

माझं काम जपानी कार्टून मराठीत लिहिण्याचं. मुलांच्या वाहिनीवर संध्याकाळी सहाला लागतात ती. पात्राचे ओठ जितके हलतील तितकीच अक्षरं त्याच्या तोंडी घालायची. प्रतिभेला फारसा वाव नाही, मोजमापच जास्त. दादा ह्या कार्टूनांतल्या खलनायकांचे आवाज द्यायचे. नायकाचा आवाज देणारी मुलं दर दोन वर्षांनी बदलायची, दादा मात्र कायम. मी नवीन पनवेलला राहते, ते शिरढोणच्या अलीकडच्या एका गावातले. त्यामुळे वाशीच्या स्टुडिओत मी त्यांच्याच जुन्या मारुती व्हॅनमधून जायची.

अभिनय ते कुठे शिकले नव्हते. गावोगावच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत कॉमेंट्री करायचे. तुम्ही पनवेल-उरणकडे कधी असा सामना पाहिला असेल तर तुम्हाला माहीत आहे, लोक खेळ पाहायला कमी आणि कॉमेंट्री ऐकायला जास्त येतात. बाकीचे माईकवर घसा फोडायचे. दादा हळू बोलायचे. "गेला," एवढंच म्हणायचे, आणि बाद झालेला गडी शरमेनं मान खाली घालायचा. आमच्या साउंडवाल्यानं ते एकदा ऐकलं आणि त्यांना उचलून स्टुडिओत आणलं.

आमची सगळ्यात जास्त चाललेली मालिका एका बर्फाच्या खोऱ्याची. तिथला सरदार खोऱ्यातला काळच गोठवून ठेवतो. नदी थांबते, झाडं थांबतात, माणसं पाऊल उचललेल्या अवस्थेत उभी राहतात. आता नायक येणार आणि बर्फ वितळवणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सरदार हे का करतो? त्याची आजारी आई आत निजलेली असते. काळ पुढे सरकला तर ती मरेल.

"मंग ह्याचा जीव आईन हाय," दादा म्हणाले आणि आत गेले.

मूळ जपानी आवाज गडगडाट करून हसायचा. दिग्दर्शकालाही तसंच हवं होतं. दादांनी पडद्याकडे पाहिलं आणि नाकातून नुसता श्वास सोडला. "हं."

"दादा, हसायचंय."

"हसलो ना."

"मोठ्यानं हसा. राक्षसासारखं."

"वरडतो त्यो भियालेला असतो. ह्यो भियालेला नाय." मग माझ्याकडे वळून, "ह्याला घाई पन नाय. घाई हिरोला. ह्याचा काम तर झालेला हाय."

दिग्दर्शकानं हात टेकले. तो 'हं' तसाच गेला आणि दोन महिन्यांत आमच्या सोसायटीतली पोरं आईनं अभ्यासाला हाक मारली की नाकातून 'हं' करायला लागली. एकदा दादा मला घ्यायला आले तर पोरांनी व्हॅनला वेढाच घातला. "आजोबा, एकदा करा ना!" दादांनी काच अर्धी खाली केली, "काम नसताना नाय," म्हणाले आणि काच वर केली. पोरं खूश. सरदार असंच वागला असता.

खलनायक लोकांच्या लक्षात का राहतो, ह्यावर हल्ली मुलं तासतासभर व्हिडिओ करतात. मीही पाहते थोडे, कामाचा भाग म्हणून. दादांनी एकही पाहिला नसेल. त्यांचं सगळं शास्त्र कळंबोलीच्या सर्कलला ट्रकांमागे अडकलेलो असताना मला ऐकायला मिळालं. "त्याला वाटतंय मीच बरोबर हाय. खरोखर वाटतंय. खोटा वाटला तर पोरांना लगेच कलतं." आणखी पुढे गेल्यावर, "हिरो शिकतो, बदलतो. ह्यो एकदाच ठरवतो." आणि एकदा, गिअर टाकता टाकता, "माफी मांगली का संपला. माफी मांगनाऱ्याला पोरा आठ दिसान विसरतान."

मी हे हसण्यावारी न्यायची. मला वाटायचं, माणूस कार्टूनबद्दल बोलतोय.

काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. दादा आत झोपले होते. त्यांना एकच मुलगी. तिनं जातीबाहेर लग्न केलं, नाशिकला. लग्नाची बातमी आली त्या सकाळी दादा गावच्या तळ्यावर गेले.

"पोरीच्या नावान आंगोल केली त्यांनी. सगल्या गावादेखत," काकी म्हणाल्या. "जित्या पोरीच्या नावान. मी घरान होती. ओल्या कपड्यान आले तवा मना समजला."

वरडले नाहीत, हात उगारला नाही. ओले कपडे दोरीवर टाकले आणि चहा मागितला. त्यानंतर घरात तिचं नाव नाही. मुलगी आईला दुपारी फोन करायची, बाप घरात नसताना. पुढे तिला मुलगी झाली, ती आता दुसरीत होती आणि रोज सहाला सरदार बघत होती. आवाज कोणाचा आहे हे काकींच्या लेकीला पहिल्याच दिवशी कळलं. टीव्ही तिनं बंद केला नाही, आणि पोरीला सांगितलंही नाही.

"त्यांना ठाऊक हाय?" मी नकळत त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मी सांगितला. कायच बोलले नाय. पन त्या दिसापासून फॅन लावून झोपाचे बंद केले. घसा धरतो म्हनून."

ते मलाही दिसलं होतं, फक्त कारण माहीत नव्हतं. थंड पाणी बंद, ताक बंद. आधी दोन टेकमध्ये उरकणारा माणूस एका वाक्याला सकाळ घालवायला लागला होता. "ह्यो भाग कदी लागनार?" हे प्रत्येक भागाला विचारायचे. आता मला कळलं, की नाशिकच्या एका बैठकीच्या खोलीत ते रोज अर्धा तास जाऊन येत होते.

मग शेवटचा भाग आला. बर्फ वितळतो, सरदार पडतो. नायक त्याच्या उशाशी बसतो. सरदार आईच्या खोलीकडे पाहत म्हणतो, "दार लावून घ्या. थंडी आत येते." आणि मरतो. एवढंच. मला ते वाक्य आवडलं होतं.

दादा आदल्या दिवशी माझ्या घरी आले. पहिल्यांदाच. सोफ्याच्या कडेवर बसले, पाणीही कोमटच मागितलं.

"बाय, एक लिवशील का? मरताना त्यो नुसता बोलंल, चुकलं माझं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फरशीकडे.

"माफी मागितली की संपला, असं तुम्हीच म्हणता."

"संपू दे."

मी लॅपटॉप उघडला. ते दृश्य पाच-सहा वेळा पुढे-मागे केलं. दुसऱ्या वाक्याच्या जागी 'चुकलं माझं' ओठांवर नीट बसत होतं. बसलं नसतं तरी मी बसवलं असतं. दिग्दर्शकाला काय सांगायचं तेही मी ठरवून टाकलं. दादा उठले, दारात क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पोर आयकेल. तिची आयपन असेल तिथं."

दुसऱ्या दिवशी दादांनी स्टुडिओत चपला काढल्या, मला काही न विचारता आत गेले. पडद्यावर सरदार पडला. नायक बसला. काचेपलीकडे दादांचा हात कागदावर होता, बोट माझ्या त्या दोन शब्दांखाली.

"दार लावून घ्या," दादा म्हणाले. मग जेवढी जागा होती तेवढं थांबले. "थंडी आत येते."

पहिलाच टेक. साउंडवाल्यानं अंगठा दाखवला. मी माईकचं बटण दाबून म्हटलं, "दादा, पुन्हा घेऊ या?"

"नको. त्यो नसता बोलला, बाय."

"तुम्ही बोलला असतात."

त्यांनी हेडफोन काढून खुंटीला लावले. बाहेर येऊन चपला घातल्या, डावी-उजवी बदलली, मग पुन्हा नीट घातली. परतीच्या वाटेवर मी त्यांना ते का जमलं नाही, हे विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतं. त्यांना पन्नास खलनायक माहीत होते आणि चुकलो म्हणणारा त्यात एकही नव्हता.

तो भाग लागायच्या आत दादा गेले. सकाळी व्हॅन पुसताना छातीत कळ आली, बादलीशेजारी बसले आणि तिथेच राहिले. साउंडवाल्याचा फोन आला तेव्हा मी एका बोलक्या मांजराचे संवाद लिहीत होते. मी "बरं" म्हटलं आणि मांजराचं वाक्य पूर्ण केलं. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. माझ्या आत जिथं काहीतरी व्हायला हवं होतं तिथं काही हललंच नाही, ही गोष्ट मी लपवत नाही.

दहाव्याला मी गेले. मुलगी आली होती. बापाच्याच कपाळाची, बापासारखीच भिंतीला पाठ न टेकता बसणारी. नात तिच्या मांडीला चिकटून. दुपारभर बायका येत-जात राहिल्या. संध्याकाळी घरात काकी, दादांची थोरली बहीण, ह्या मायलेकी आणि मी राहिलो. नात कुजबुजली, "आई, सहा वाजले. आज शेवटचा आहे."

"सुतकान टीव्ही?" थोरली बहीण म्हणाली.

"लाव," मुलगी म्हणाली.

काकींनी स्वतःच उठून टीव्ही लावला आणि आमच्याकडे पाठ करून त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. दादांचा आवाज घरभर झाला. थोरल्या बहिणीनं तोंडाला पदर लावला. सरदार पडला, दार लावून घ्या म्हणाला, थंडी आत येते म्हणाला, आणि गेला. काकींनी टीव्हीच्या कडेवर हात ठेवला होता.

"त्यानं सॉरी का नाही म्हटलं?" नातीनं विचारलं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहिता ना?"

"हो. मी 'चुकलं माझं' लिहिलं होतं. त्यांनीच येऊन लिहायला सांगितलं. आयत्या वेळी बोलले नाहीत."

"सांगितलं होतं? त्यांनी स्वतः?"

"हो."

ती पोरीकडे वळली. मग पोरीचे केस कानामागे सारत म्हणाली, "सरदाराचा आवाज आजोबांचा होता."

पोरगी टीव्हीकडे बघत राहिली. मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे. "ह्या आजोबांचा? तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंस? मी आले असते त्यांना भेटायला."

"माहीत होतं मला," मुलगी आवाज न चढवता म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं."

टीव्हीवर बिस्किटांची जाहिरात सुरू झाली होती. आमच्यापैकी कोणीच तो बंद करायला उठलं नाही.