टेक तीनमधली पावलं

हेडफोनमध्ये प्रांजल कोणाशी तरी बोलत होती. समोर किनाऱ्यावर मात्र ती एकटीच चालत होती.

दुपारचे साडेचार वाजले असतील. दिवेआगरला ओहोटी लागली होती. आमचा कॅमेरा सुरूच्या झाडांत, आणि प्रांजल इतकी लांब गेलेली की मॉनिटरवर ती नखाएवढी दिसत होती. मी साउंड रेकॉर्डिस्ट. शूटिंगच्या जागी होणारे आवाज नीट पकडणं हे माझं काम. बावीस वर्षं तेच करते आहे.

"थांब ना जरा," प्रांजल म्हणाली. मग गप्प. मग हसली. "न्हाय गं, मी न्हाय जात पनवेलला. तूच सांग आईला."

या सीनमध्ये एकही संवाद नव्हता.

सिनेमा ओंकारचा. वय सत्तावीस, पहिलीच फिल्म. बारावीनंतर तीन मैत्रिणींपैकी दोघी शहरात जातात आणि एक गावात राहते, एवढीच गोष्ट. मी सीरियलमधून आलेली. तिथे चेहरा पडदाभर दिसतो आणि प्रत्येक गोष्ट तीनदा सांगतात. ओंकारचं सगळं उलटं. लाइट नाहीत, जे आहे ते ऊन. पार्श्वसंगीत नाही. कलाकार म्हणजे गावातल्याच मुली. स्क्रिप्टमध्ये एका सीनला एक ओळ: 'प्रांजल चालते.' कॅमेरा लांब ठेवायचा आणि चार मिनिटं हलवायचा नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "अरे, यात घडत काहीच नाही का?"

"एकोणिसाव्या वर्षी काय घडतं, ताई? सगळे निघून जातात आणि एक जण मागे राहतो. ते लांबूनच बघावं लागतं. जवळ गेलं की अभिनय सुरू होतो."

मला ते पटलं होतं. पण कॅमेरा लांब असला की बूम, म्हणजे काठीला लावलेला माइक, उपयोगाचा राहत नाही. मग लेपल लावायचा. शर्टाच्या बटणाएवढा माइक कपड्याच्या आत चिकटवतात, त्याचा ट्रान्समीटर कमरेला. त्यामुळे बाकी सगळ्यांना प्रांजल ठिपक्याएवढी दिसत होती आणि मला तिचा श्वास ऐकू येत होता.

या सीननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी होमस्टेच्या ओटीवर मी आणि ओंकारने तो टेक ऐकला. टेक तीन. तिचं बोलणं ऐकून ओंकार खूश झाला. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. ओल्या वाळूवर पाऊल पडलं की चपचप असा बारीक आवाज येतो. तो प्रांजलचा होता. त्याच्या मागोमाग आणखी एक येत होता. जरा जड.

"कपडा घासतोय," मी म्हटलं. तसं बऱ्याचदा होतं.

पुढे एका जागी प्रांजल थांबली. तिची पावलं थांबली. मागून आणखी एक पाऊल पडलं. मग तेही थांबलं.

ओंकारने माझ्याकडे बघितलं. मी मागे नेऊन परत ऐकवलं. तेच.

मी कामाला लागले. टेक तीनचं चित्र मोठं करून पाहिलं. ओल्या वाळूत तिच्या मागे कोणी नव्हतं. ट्रान्समीटर बदलला. फ्रिक्वेन्सी बदलली, कारण जवळपास कोणाचा दुसरा वायरलेस चालू असेल तर त्याचा आवाज आत शिरतो. माइक लावून मी स्वतः त्याच वाटेने चालून आले. फक्त माझी पावलं. मग कारण न सांगता प्रांजलला चालवलं. फक्त तिची. प्रतिध्वनी म्हणावा, तर उघड्या किनाऱ्यावर आवाज आदळणार कशावर?

"ताई, हाच माझा सिनेमा आहे," ओंकार म्हणाला. "हा टेक जसाच्या तसा ठेवायचा."

"तिला विचारलंस?"

"विचारलं की ती सावध होईल. मग पुढचे दहा दिवस काही खरं मिळणार नाही. आणि माइक आहे हे तिला माहीत होतं ना?"

"माहीत होतं, पण चार दिवसांत विसरली. तिने विसरावं म्हणूनच तर तू गावातली मुलगी घेतलीस."

मी प्रांजलला बोलावून घेतलं.

ती वाडीतून आली. आम्ही काय ऐकलं ते मी सरळ सांगितलं. तिचा चेहरा लाल झाला.

"सुप्रियाशी बोलत होते," ती म्हणाली. सुप्रिया तिची शाळेपासूनची मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. "वेडी न्हाय हां मी, ताई. ती न्हाय ते मला ठाऊक हाय. आम्ही रोज तिथनं चालायचो. सवय हाय, म्हणून बोलते."

"ऐकायचंय?"

तिने हेडफोन लावले. स्वतःचं बोलणं ऐकताना ती थोडी हसली. मग हसणं थांबलं. हाताने खूण करून तिने पुन्हा ऐकवायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"ही मागची पावलं कोणाची?"

ओंकार हळू आवाजात म्हणाला, "मला वाटतं, कदाचित सुप्रिया..."

तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं आपण लहान मुलाकडे बघतो. "सुप्रिया माझ्या मनात चालते, दादा. मनातल्या माणसाच्या पायांचा आवाज कसा येईल? आणि ती माझ्या मागनं कधीच चालायची न्हाय. बाजूनं चालायची."

वाडीत कोणीतरी झावळ्या ओढत होतं. तेवढाच आवाज.

"हे पुसा," प्रांजल म्हणाली.

ओंकारच्या फाइलमध्ये तिच्या सहीचं संमतीपत्र होतं. तो नाही म्हणू शकला असता. पण तो म्हणाला, "पुसा, ताई."

आवाजाच्या दोन कॉप्या होत्या, एक कार्डवर आणि एक डिस्कवर. मी दोन्ही उघडल्या. बटण प्रांजलने स्वतः दाबलं. कलाकाराच्या सांगण्यावरून मी पुसलेला तो एकच टेक.

त्यानंतर ती त्या किनाऱ्यावर एकटी चालली नाही. साफ सांगितलं तिने. ओंकारने तो सीन बदलला. आता त्यात तिघी मैत्रिणी लांबवर एका रांगेत चालतात, आणि कोण जाणार, कोण राहणार, हे त्या सीनमध्ये कळत नाही. सिनेमा दोन-तीन ठिकाणी दाखवला गेला. एकदा एका प्रेक्षकाने विचारलं, "मागे राहिलेली मुलगी एकदाही एकटी का दिसत नाही?" ओंकारने उत्तर दिलं, "तिने नाही म्हटलं." लोकांना वाटलं, तो पात्राबद्दल बोलतोय.

त्या पावलांना काहीतरी तांत्रिक कारण असणार. मला ते सापडलं नाही. रोजच्या साउंड रिपोर्टमध्ये मी 'टेक तीन रद्द' असं लिहिलं आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला.

कामाची पद्धत मात्र बदलली. आता माइक चिकटवतानाच सांगते: तुम्ही कितीही लांब गेलात तरी मला जवळून ऐकू येणार आहे. हे ऐकून काही जण अवघडतात आणि पहिले दोन टेक वाया जातात. जाऊ देत.