डावा सरकारी, उजवा प्रायव्हेट

आप्पांच्या डोळ्यांत दूध उतरतंय, असं आई म्हणायची. सकाळच्या उन्हात ते ओट्यावर तोंड वर करून बसले की बुबुळाच्या मधोमध पांढुरकं काहीतरी दिसायचं, साय धरल्यासारखं. आप्पा म्हणजे माझे वडील. मी तेव्हा बारावी होऊन घरीच होते.

आप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं आणि पावसाच्या तोंडाला गावी, कवठ्याला परतायचं. पुढं मेंढरं विकली, विहीर पाडली, कांदा लावायला लागलो. नजर मात्र मेंढक्याचीच राहिली. समोरच्या माळावर चरणारं जनावर कुणाच्या दावणीचं, ते ओट्यावर बसून सांगायचे. त्याच माणसानं एके दिवशी अंगणात वाळत घातलेल्या पोत्याला, "चल, हो बाजूला" म्हणून हटकलं, आणि पोतं हलेना म्हणून काठीनं ढोसलं. मला हसू आलं. आईला आलं नाही.

आप्पांना स्वतःला या आंधळेपणाचं फार दुःख होतं असं मला कधी वाटलं नाही. त्यांना ते धुक्यासारखं वाटायचं. थंडीत भीमेच्या काठाला वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, पडायचा तेव्हा सकाळी असंच दिसायचं म्हणे. मेंढरं दिसायची नाहीत, पण आहेत ते कळायचं. ते असं बोलायला लागले की मलाही आमचं अंगण, गोठा, समोरची बाभळ सगळं विरघळल्यासारखं वाटायचं, आणि त्या पांढऱ्या धुक्यात आप्पा एकटेच चालताहेत असं दिसायचं.

उपकेंद्राच्या नर्सबाई एकदा घरी आल्या. त्यांनी बॅटरी मारून डोळे पाहिले आणि सांगितलं की डावा मोतीबिंदू पिकलाय, उजवा अजून कच्चा आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात शिबीर होतं, त्यात त्यांनी आप्पांचं नाव लिहून घेतलं. दुसरीकडं कुठं न्यावं का, असा प्रश्नच तेव्हा घरात नव्हता. दादा, माझा मोठा भाऊ, नुकताच रांजणगावच्या कंपनीत चिकटला होता, तोही टेंपरवारी. आईला घर सोडता येत नव्हतं. सोबतीला मी गेले.

दवाखान्याची गाडी गावोगाव थांबत माणसं गोळा करत आली. आत सगळे म्हातारे-म्हाताऱ्या, प्रत्येकाच्या मांडीवर कापडाचं गाठोडं. वॉर्ड म्हणजे एक लांबच लांब खोली होती, चुन्यानं रंगवलेली, खिडकीबाहेर लिंबाचं झाड. दोन्ही बाजूंना खाटा. सिस्टरनं प्रत्येकाच्या कपाळावर, ज्या बाजूचा डोळा करायचा त्या बाजूला, चिकटपट्टीचा तुकडा लावला. पुण्याहून एक डॉक्टर आले होते, त्यांनी दिवसभरात सगळ्यांचे डोळे केले. आप्पांनी त्यांना शेवटपर्यंत पाहिलं नाही. त्यांचे हात गार होते आणि ते काम करताना हळूच शीळ घालत होते, एवढंच आप्पा सांगायचे.

सिस्टर सगळ्यांना अरे-तुरे करायची. "ए बाबा, मान हलवू नको. टाका तुटला तर मला सांगू नको." आप्पांना घरी-गावात कुणी एकेरी हाक मारत नव्हतं, म्हणून पहिल्यांदा मला ते लागलं. पण तीच सिस्टर सकाळी ओल्या कापसानं एकेकाचं तोंड पुसायची. कानामागं, हनुवटीखाली, अगदी लहान लेकराचं पुसावं तसं. एका म्हाताऱ्याला घरून कुणीच सोबत आलं नव्हतं, त्याला तिनं स्वतः खिचडी भरवली आणि भरवताना त्याच्यावर ओरडत राहिली.

चार दिवस आप्पा उताणे पडून होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यात साय. वॉर्डातल्या सगळ्यांचं तेच. कुणाला कुणी दिसत नव्हतं, म्हणून सगळे बोलत होते. दुपारी लिंबाची सावली भिंतीवर हलायची आणि खाटांवरून आवाज उठायचे. कुणी पेरणीचं सांगे, कुणी मेलेल्या बैलाचं. मी दाराशी बसून ऐकायची. कुठला आवाज कुठल्या खाटेवरून येतोय ते थोड्या वेळानं कळेनासं व्हायचं, आणि ती खोलीच बोलतेय असं वाटायचं.

आप्पांच्या शेजारच्या खाटेवर न्हावऱ्याचे एक माळी होते. त्यांची गुलछडीची बाग होती. दोघं एकमेकांना 'पाव्हणं' म्हणायचे. आप्पा त्यांना मेंढरांमागचे मुक्काम सांगायचे. ते फुलं कधी खुडायची, कळी किती फुगली की तोडायची ते सांगायचे. मुळात दोघांत काहीच सारखं नव्हतं. आमची मेंढरं कधीकाळी कुणाच्या तरी बागेत शिरली असणारच, आणि माळ्यानं दगड घेऊन ती हाकलली असणार. तसं आप्पा बोललेही. पाव्हणे हसले आणि म्हणाले की दगड मारणारा मीच असेन.

सुट्टी झाली तेव्हा दोघांनी एकमेकांचे हात चाचपून निरोप घेतला. चेहरा कुणीच कुणाचा पाहिला नव्हता.

दीडेक महिन्यानं चष्मा मिळाला. डाव्या बाजूला जाडजूड भिंग, उजवीकडं साधी काच. त्यातून आप्पांना दिसायला लागलं, पण सगळं मोठं आणि जवळ आलेलं. कांदा हातात घेऊन म्हणायचे, ह्यो नारळाएवढा हाय. दाराच्या चौकटी त्यांना वाकलेल्या दिसत. तांब्यातलं पाणी ते पेल्याच्या अलीकडंच ओतायचे. पायरी उतरताना पाय हवेत चाचपडायचा. हळूहळू त्यांना सवय झाली. कुणी चष्म्याला नाव ठेवलं तर त्यांना आवडायचं नाही. त्या भिंगातून मुंगीच्या पाठीवरचं ओझंही दिसतं, असं ते सांगायचे. संध्याकाळी माझ्याकडं टक लावून पाहायचे आणि म्हणायचे, तू केवढी झालीस गं. मी तेवढीच होते.

नंतर माझं लग्न झालं आणि मी दौंडला आले. दादा कंपनीत परमनंट झाला. मधे पाच-सहा वर्षं गेली, आणि आप्पांच्या उजव्या डोळ्यातही पूर्ण दूध उतरलं. आप्पा म्हणाले, शिबीर कवा हाय ते बघा. दादानं ऐकलं नाही. कंपनीत त्याच्यासोबत काम करणाऱ्यांनी आपापल्या आई-वडलांना चांगल्या दवाखान्यात नेलं होतं, आणि त्यानं एकदा डब्याच्या वेळी वडलांचा पहिला डोळा शिबिरात केल्याचं सांगितल्यावर कुणीतरी, "सरकारीत टाकलं व्हय?" असं विचारलं होतं. 'टाकलं' हा शब्द त्याच्या मनात रुतून बसला होता. तो मला फोनवर म्हणाला, "आता आपल्याला काय कमीय? रांगेत कशाला झोपवायचं त्यांना?"

दौंडमध्ये माझ्या घराजवळ एक नवा डोळ्यांचा दवाखाना झाला होता. आप्पा माझ्याकडं आले. तिथं चपला बाहेर काढायच्या होत्या. फरशी इतकी गुळगुळीत की आप्पा तिच्यावर नदीतल्या शेवाळावरून चालावं तसे चालले. काउंटरवरची मुलगी त्यांना 'काका' म्हणाली. डॉक्टर 'तुम्ही' म्हणाले, खुर्ची पुढं ओढून बसले आणि डोळ्याचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल उघडून दाखवलं. मोतीबिंदू पिकायची वाट पाहायची आता गरज नसते. साय काढायची आणि तिथंच आत बारीक भिंग बसवायचं. जाड चष्मा नको, खाटेवर पडून राहणं नको, संध्याकाळी घरी. आप्पांनी सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "बाकीचे पेशंट कुठं हायेत?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, आज तुमच्याबरोबर अजून दोघंच आहेत.

ऑपरेशनच्या दिवशी आप्पांना निळा झगा दिला, डोक्याचं मुंडासं काढून कागदाची टोपी घातली. ते मुंडासं मी मांडीवर घेऊन बाहेर बसले. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट चाललं होतं. सगळीकडं इतकं शांत आणि गार होतं की माझा डोळा लागला आणि मला वाटलं आपण पाण्याखाली बसलोय. थोड्याच वेळात आप्पांना बाहेर आणलं. त्यांना एका खोलीत बसवलं, चहा-बिस्किटं दिली. खोलीत ते एकटेच होते. पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून ते बराच वेळ बसले. मी आत गेल्यावर म्हणाले, "लई चांगली माणसं हायेत. पर बोलायला कुणी न्हाई."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. त्या क्षणाचं मी कधीच नीट वर्णन करू शकले नाही. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. मी त्यांना माझ्याएवढीच दिसत होते. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि विचारलं की इतकी का वाळलीस. सासरी आल्यापासून मी खरंच वाळले होते. ते दौंडमध्ये कुणाला दिसलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. मी काहीतरी थातुरमातुर बोलून त्यांच्या डोळ्यात थेंब घालायला घेतले.

एक अडचण मात्र राहिली. जुना चष्मा लावला की डाव्या डोळ्याला जग मोठं दिसायचं, उजव्याला नेहमीएवढं, आणि दोन्ही एकात एक बसायचं नाही. प्रत्येक माणूस दोनदा दिसे. डॉक्टरांनी सांगितलं की चष्मा सोडून द्या, नाहीतर डाव्यातही नंतर भिंग बसवू. आप्पा नको म्हणाले. गावात लोक त्यांना पुढं विचारायचे, आप्पा, कुठला डोळा बरा? डावा सरकारी, उजवा प्रायव्हेट, असं ते सांगायचे, आणि बरा कुठला ते सांगायचं टाळायचे. रानात जाताना चष्मा घरी ठेवून उजव्यानं बघायचे. बियाणं निवडताना, काटा काढताना, जुना चष्मा लावून उजवा मिटून घ्यायचे.

डोळ्याची जखम भरून आल्यावर मी त्यांना कवठ्याला सोडायला निघाले. चौफुल्यावर एसटी बदलली. न्हावरं जवळ आलं तसे आप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले की इथं उतरू. शिबिरातल्या माळ्याचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता: स्टँडावरून ओढ्याकडं, ओढा ओलांडला की उजव्या हाताला गुलछडी. आम्ही चालत गेलो. दुपार कलली होती, उसाच्या फडांतून वारा येत होता, आणि बागेच्या बऱ्याच अलीकडं वास सुरू झाला. बांधावर एक उंच, सावळे गृहस्थ टोपलीत कळ्या भरत होते. आप्पा थबकले. नव्या डोळ्यानं त्यांनी त्या माणसाला नीट न्याहाळलं आणि त्यांना काहीच ओळख पटली नाही. तेही आमच्याकडं परक्यासारखं पाहत होते.

आप्पांनी डोळे मिटले. "पाव्हणं, बोला कायतरी," ते म्हणाले.

त्या गृहस्थांच्या हातातली टोपली खाली गेली. "मेंढरं कुठं ठिवली?" त्यांनी विचारलं, आणि मग दोघंही हात धरून उभे राहिले.

घरी नेऊन त्यांनी आम्हाला चहा पाजला. आप्पांनी उजवा डोळा दाखवला, आत भिंग बसवलंय म्हणून सांगितलं. पाव्हण्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की त्यांच्याही दुसऱ्या डोळ्यात भिंग आहे. गेल्या वर्षी बसवलं, त्याच सरकारी दवाखान्यात, फुकट. आता तिकडंही भिंगच बसवतात. आप्पांनी हातातला कप खाली ठेवला. दादानं केलेला खटाटोप त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असावा, माझ्याही गेला. मग त्यांनी विचारलं की ती सिस्टर अजून आहे का. तिची बदली झाली होती. पाव्हणे म्हणाले, "आता दुसऱ्या दिशीच घरी लावत्यात. शेजारी कोण व्हतं ते इचारायला बी टाइम न्हाई."

 ओसरीत फुलांचा ढीग होता आणि बायका ती दोऱ्यात ओवत होत्या. मला तिथंच झोपून जावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर मी दादाला ते सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण तो आप्पांकडं बघून म्हणाला, "असंल. पण मी नेलं ना त्यांना." त्यावर आप्पा म्हणाले की व्हय, तू नेलंस, आणि मला पोर वाळलेली दिसली ती तुझ्याच डोळ्यानं. दादाला अर्थ लागला नाही. आईला लागला. तिनं मला आठवडाभर ठेवून घेतलं.

पुढं आईच्याच डोळ्यांत दूध उतरलं. तेव्हा घरात दोन बाजू पडल्या. दादाला दौंड, आप्पांना सरकारी. आप्पा म्हणत होते की वॉर्डात चार बायका भेटतील, तुझ्या मनाला बरं वाटंल. मला मनातून आप्पांचं पटत होतं. आईनं दोघांचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की संध्याकाळी घरी कुठं सोडतात.

"तुम्ही चार दीस पडला, तवा म्हशींचं मी बघितलं," ती आप्पांना म्हणाली. "माझं कोण बघणार?"

सरकारीत तिला एक रात्र काढावी लागली असती. तिला तीही नको होती.  त्या चार दिवसांची इतकी वर्षं चाललेली गोष्ट, तिच्यातला लिंब, आवाज, पाव्हणे, सगळं मीही आप्पांच्या बाजूनंच ऐकलं होतं. घरी धार कुणी काढली, पाणी कुणी पाजलं, हे कधी माझ्याही मनात आलं नव्हतं.

आईचा डोळा दौंडलाच केला, आणि ती मला सोबत घेऊन त्याच संध्याकाळी भाड्याच्या जीपनं हट्टानं कवठ्याला परतली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, दुसऱ्या दिवशी तपासायला पुन्हा यायचं होतं. म्हणून धारेला मी बसले. गोठ्यात उजेड कमी होत चालला होता. आई काळा चष्मा लावून दारात खुर्चीवर बसली होती आणि माझी धार बादलीत कशी वाजतेय ते ऐकून, जरा वरून धर, आता दुसरं थान, असं हळू आवाजात सांगत होती.