बिनछताच्या दवाखान्यातलं डोहाळजेवण

आधी क्षमा मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्या घरात वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतात आणि बुलढाण्याजवळच्या धाड गावच्या बाजारात नेऊन विकतात. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही मागच्या बाकावर बसणारा. देशाने पैसा कुठे खर्च करावा यावर बोलण्याची माझी लायकी नाही, हे मला अनेकांनी सांगितलं आहे आणि बरेच दिवस मलाही ते पटत होतं. तरी लिहितो आहे. ज्यांना हे नीट लिहिता आलं असतं, त्यांच्यापैकी कुणी त्या दिवशी आमच्या गावात नव्हतं. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवीन होतं. आमचं गाव धाडपासून आत, बैलगाडीच्या वाटेवर. गावाला दवाखाना मंजूर झाला होता. बोली अशी ठरली होती, की भिंती गावाने श्रमदानातून उभ्या करायच्या, छताचे पत्रे सरकार देईल आणि एक नर्सबाईही देईल. सुट्टीत घरी आलो की मीही दगड वाहायला जायचो. वडील सगळ्यांच्या आधी तिथे हजर असायचे. दगड ठेवायचे, पंज्याने हलवून पाहायचे आणि हलला तर काढून पुन्हा बसवायचे.

त्यांचं कारण मला ठाऊक होतं. माझी थोरली चुलती बाळंतपणात गेली. अडली म्हणून तिला गाडीत घालून बुलढाण्याला नेत होते. गाडी वडील हाकत होते. नाल्याच्या अलीकडेच त्यांनी बैल थांबवले, कारण पुढे नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरात ही गोष्ट कुणी काढत नसे. वडील मात्र त्यानंतर बुलढाण्याला जायचं झालं की नाला ओलांडताना गाडीतून उतरून चालायचे.

भिंती उभ्या राहिल्या. सुताराने दारं-खिडक्यांच्या चौकटी बसवल्या. आणि दिवाळीच्या सुमारास चीनची लढाई लागली.

काही दिवसांनी ग्रामसेवक चावडीवर सांगायला आले, की नवीन कामं थांबवली आहेत. पत्रे येणार नाहीत. नर्सबाईची जागाही भरायची नाही.

वडिलांनी विचारलं, "मंग लढाई सरली की येतीन ना?"

"तसं काही कळवलेलं नाही," ग्रामसेवक म्हणाले. ते बिचारे काय सांगणार?

लढाई लवकरच थांबली. थांबवलेली कामं मात्र थांबलेलीच राहिली. दवाखान्यात गवत वाढलं. दुपारी बकऱ्या तिथे सावलीला बसू लागल्या, बायका भिंतीवर मिरच्या वाळत घालू लागल्या.

मला इथे एक स्पष्ट सांगायचं आहे. आमच्या गावाला फौजेचा राग नव्हता. लढाई लागली तेव्हा गावाने घोंगड्या दिल्या, आणि त्या चांगल्या दिल्या, फाटक्या नाही. आमच्या शेजारच्या मावशीचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. मावशी आमच्या नात्यातली नव्हे, पण आईची जिवाभावाची. रेडिओवर बातम्या लागल्या की ती चावडीच्या ओट्याशी जाऊन उभी राहायची. तिला त्यातलं निम्मं समजत नसे. मुलाचं नाव त्यात येणार नाही हेही तिला कळत होतं, तरी ती जायची.

इकडे बुलढाण्याला आमच्या कॉलेजात लष्करी कवायत सक्तीची झाली. खांद्यावर लाकडी बंदूक घेऊन आम्ही मैदानात डावं-उजवं करायचो. मला ते आवडायचंसुद्धा. मग संरक्षण निधीसाठी कॉलेजच्या मैदानावर सभा झाली. मोठा मंडप घातला होता, आणि त्याच्यावर नवे कोरे पत्रे. वक्ते बोलत होते आणि मी वर बघत होतो. उन्हात ते पत्रे असे चमकत होते, की माझं भाषणाकडे लक्षच लागेना. शेवटी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं म्हणाले. असं म्हटल्यावर कुणी विचारायचं नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी उभा राहिलो आणि विचारलं, "हे पत्रे सभा झाल्यावर कुठे जाणार?"

पोरं हसली. आमच्या सरांनी खूण केली, बस खाली. मी म्हणालो, "आमच्या गावाला असेच पत्रे मिळणार होते, सर." त्यावर आणखी हसू झालं. त्या दिवसापासून वसतिगृहात माझं नाव 'पत्र्या' पडलं. "काय बे पत्र्या, जेवला काय?" असं रोज चाललं. एकजण थोडा रागाने म्हणाला, "तुह्या गावच्या पत्र्यापायी देश बुडवतो काय?" याचं उत्तर सुचायला मला बराच वेळ लागला. पैसा कमी पडतो हे मला समजतं. घरात पीक कमी आलं की आम्हीही हात आखडता घेतो. पण मग वडील आधी स्वतःचं धोतर घ्यायचं टाळतात, आजारी माणसाच्या औषधाला हात लावत नाहीत. देशाचा हात आखडला तेव्हा सुरुवात आमच्या दवाखान्यापासूनच का झाली, मंडपापासून का नाही, एवढंच मला विचारायचं होतं. माझा प्रश्न नुसत्या पत्र्यांपुरता नव्हता.

थंडीत माझी धाकटी बहीण माहेरी आली. चिखलीकडे दिली होती तिला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सासरच्या गावाहून चिखलीचा सरकारी दवाखाना जवळ होता, आणि आमच्या गावाला नुसत्या चार भिंती. तरी रीत म्हणून ती आली, आणि आईला नाही म्हणवेना. वडील त्या दिवसापासून जेवताना तिच्याकडे बघायचे आणि लगेच नजर काढून घ्यायचे.

डोहाळजेवणाचं ठरवायला बायका बसल्या, तेव्हा मावशी म्हणाली, "दवाखान्यात करू."

आई म्हणाली, "अवं माय, तिथं बकऱ्या बसतेत."

"बकऱ्याईले हाकलू. जागा आपली हाये का नाही? पोरीले जिथं निजवाचं होतं, तिथंच तिची वटी भरू. गावाले तरी दिसन काय राह्यलं ते."

बहीण लाजून म्हणाली, "दादा, लोक हसतीन ना रे."

"हसू दे," मी म्हणालो. असं मी सहसा बोलत नाही.

मावशी बाजाराच्या दिवशी धाडला गेली. तिथल्या सरकारी दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. मावशीने त्यांना कुंकू लावलं आणि डोहाळजेवणाचं बोलावणं केलं. बाई म्हणाल्या, "यायला आवडलं असतं हो. पण तुमचं गाव माझ्याकडे नाही. हुकूम नसताना मला गाव सोडता येत नाही." मावशी म्हणाली, "जेवाले याले हुकूम कायचा? जवा जमन तवा या." आणि परत आली.

दोन दिवस आधी कोतवाल घरी आला. "काकू, त्याच दिवशी बुलढाण्याचे सायब येऊन राह्यले, लढाईच्या फंडाच्या कामानं. तुमचं जरा पुढं ढकला."

"सातवा महिना पुढं ढकलता येते काय बे?" मावशीने विचारलं. कोतवाल निघून गेला.

त्या दिवशी दवाखाना झाडून सारवला. मी आणि वडिलांनी केळीचे खांब उभे केले, झेंडूच्या माळा सोडल्या. शाळेत एकच हातांची खुर्ची होती, ती आणून तिला फुलं लावली. कमान झाली, रांगोळी झाली. डफडंवाला आला. बायका ताटं घेऊन दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. बहीण आईबरोबर घरून निघायची होती. तेवढ्यात जीप आली.

साहेब उतरले. त्यांनी कमान पाहिली, रांगोळी पाहिली, ताटं धरलेल्या बायका पाहिल्या आणि हात जोडून म्हणाले, "अरे, एवढं कशाला केलंत?" कुणी काही बोलायच्या आत ते कमानीखालून आत गेले आणि झेंडूच्या खुर्चीवर बसले. डफडंवाल्याला वाटलं हेच असावं. त्याने वाजवायला घेतलं. बरोबरच्या कारकुनाने निधीची पेटी बांगड्यांच्या ताटाशेजारी ठेवली. साहेब बोलू लागले. बोलले चांगलं. बर्फ, थंडी, जवानांच्या अंगावरचे कपडे. त्यांचं खोटं नव्हतं.

दाराच्या चौकटीत माझी बहीण येऊन उभी राहिली होती. हिरवं लुगडं, मनगटाला फुलांचे गजरे, एक हात कमरेवर. साहेबाला खुर्चीवरून कसं उठवायचं, हे गावात कुणाला माहीत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी मावशी पुढे झाली.

"सायब, बोलणं चांगलं हाये तुमचं. पण जरा उठता काय? ती जागा पोटुशीची हाये."

साहेबांनी मागे वळून फुलं पाहिली, मग बहिणीकडे पाहिलं. ते उठायला लागले. एक म्हातारा मागून म्हणाला, "राहू द्या माय, बसले तर सायबाचीच वटी भरा." मग हसू आवरलं नाही. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कारकूनही हसला आणि लगेच गंभीर झाला.

साहेब चिडले, आणि त्यांच्या जागी मीही चिडलो असतो. "देशावर संकट असताना तुम्हाला हे सोहळे सुचतात?"

मावशी हसत नव्हती. "माहा पोरगा तिकडं बर्फात उभा हाये. तुमचा कोठी हाये?"

"तो शिकतो आहे," साहेब म्हणाले.

"शिकू द्या, चांगलं हाये. माह्यावाला जल्मला तवा मी याच गावात अडले होते. सुईणीनं हात टेकले होते. वाचले, म्हणून तुमाले एक शिपाई भेटला. आता ही पोरगी वाचली पाह्यजे का नाही, थे सांगा."

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. माझ्या अंगावर पॅन्ट होती, म्हणून असेल, त्यांनी मला हेरलं. "तू कॉलेजात जातोस ना? यांना समजावून सांग. आधी देश."

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. मी कवायतीतल्यासारखे हात पाठीमागे धरले. म्हणालो, "सांगतो, साहेब. पण हे गाव देशात धरलं आहे का, ते आधी तुम्ही सांगा. मग मला समजावता येईल."

यावेळी कुणी हसलं नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीची फुलं नीट केली. बहीण येऊन बसली. बायकांनी तिची ओटी भरली, बांगड्या घातल्या, पाळण्याचं गाणं म्हटलं. साहेब भिंतीला टेकून उभे होते. सगळं झाल्यावर मावशीने आपले चांदीचे तोडे काढून पेटीत टाकले. "हे फौजेले. आता दवाखान्याचं बोला."

"कळवतो," साहेब म्हणाले. जाताना त्यांना लाडू दिला. तो त्यांनी घेतला.

मी बुलढाण्याला परतलो. दवाखान्याचा हुकूम काही आला नाही. पत्रेही आले नाहीत. आमच्या गावची गोष्ट माझ्याआधीच कॉलेजात पोचली होती. सरांनी बोलावून विचारलं, की तू साहेबांना उलट बोललास का. मी म्हणालो, विचारलं, सर. ते म्हणाले, तुझ्या भल्यासाठी सांगतो, माफी लिहून दे. मी वहीचं पान काढलं, पेन उघडलं, आणि कशाची माफी ते काही केल्या सुचेना. पान कोरंच परत नेऊन दिलं. सरांनी ते खणात टाकलं, आणि मला वाटतं पुढे पाठवलंही नाही.

बहिणीचे दिवस भरत आले. मी रोज संध्याकाळी बसस्टँडवर जायचो. धाडची गाडी आली की कंडक्टरला विचारायचो, काही निरोप? तो म्हणायचा, "नाही बे." नंतर नंतर तो मला पाहिल्याबरोबर लांबूनच मान हलवायचा. कवायतीत माझी पावलं चुकायला लागली. खांद्यावर लाकडी बंदूक, आणि डोळ्यासमोर नाला.

मग एका संध्याकाळी त्याने मान हलवली नाही. गाडी थांबायच्या आधीच खाली उतरला.

"मामा झाला बे तू, चार दिस झाले, निरोप आज भेटला. पोरगी हाये. दोघीबी बऱ्या हायेत."

त्याने आपल्या थैलीतली सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली, जणू घरचंच कार्य होतं.

"कुठे झाली?" मी विचारलं.

"कोठी म्हंजे? तुमच्या त्या दवाखान्यात. वरतून बायाईनं लुगडे बांधले होते. अडली होती म्हणते पोरगी. तुह्या बापानं गाडी जुपली, पण बुलढाण्याले नाही आणली. रिकामीच धाडले नेली. नर्सबाईच्या दारासमोर उभी केली आन नुसता उभा राह्यला. बाई काई न विचारता गाडीत बसल्या."

"आणि पत्रे?"

"पत्र्याचं मले ठाव नाही. बाईचं आयक. त्याईले वरतून विचारणा झाली, हुकूम नसताना तिथं काऊन गेल्या म्हणून."

"मग?"

"मग काय. बाईनं लिहून देलं म्हणते, की तिथं डोहाळजेवणाचं बोलावणं होतं, तवा जाणं झालं नाही, म्हणून आता जाऊन आली."