तयार झालेल्या तलंगा

कानडी मुलखातल्या आनेकलजवळच्या एका खेड्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा कोंबड्या मारायला गेलेल्या सरकारी पथकात मी होतो. तिथल्या एका घरात पन्नाशीची बाई एकटीच होती. मला फोनवर मराठीत बोलताना तिनं ऐकलं, तशी तीही तिच्या घरच्या मराठीत बोलू लागली. तिच्याकडे अठरा तलंगा होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या. एकही आजारी दिसत नव्हती, पण हुकूम गावातल्या सगळ्याच कोंबड्यांसाठी होता.

तिनं आम्हाला खुराड्याला हात लावू दिला नाही. एकेक तलंग तिनंच बाहेर काढली. सवयीनं ती तुरा बघायची, मग शेपटीखालच्या हाडांमध्ये बोटं धरायची.

"तुरा लाल झालाय. दोन बोटं मावतात. ही आठ दिवसांत अंडं देणार," असं सांगून ती कोंबडी माझ्या हातात द्यायची. प्रत्येक वेळी तेवढंच शांतपणे सांगायची.

शेवटची तलंग पाठीवर हात पडताच पंख पसरून खाली बसली.

"अशी बसली की अंडं आलंच, अण्णा. स्वल्प थांबता येणार नाही?"

"नाही, अक्का."

"या आजारी नाहीत हो. तयार झाल्यात."

एवढं बोलून तिनं तीही दिली आणि ती घरात गेली.

मी माझं काम पूर्ण केलं. त्या शेवटच्या कोंबडीला पिशवीत घालताना तिच्या पोटातलं टणक अंडं मला हातमोज्यातूनही जाणवलं. ते सांगायला मी त्या बाईच्या दारापर्यंत गेलो आणि न सांगताच परत फिरलो.